पोकळी निर्माण झाल्याबाबत

केडगाव, अहिल्यानगर
सोमवार, १९ जानेवारी

श्री. आबासाहेब यांस,

तुमच्या थोरल्या दाजींचा केडगावहून दोन्ही हात जोडून नमस्कार. पत्रास कारण की, मी जिवंत आहे. तसं ते तुम्हाला तुमच्या टेम्पोतून परत आलेल्या अकरा माणसांकडून कळलं असेलच. पण अकरा तोंडांतून अकरा हकीकती निघतात, आणि त्यातल्या निम्म्या तोंडांना माझ्याविषयी मुळातच आकस आहे (नावं घेत नाही, तुमच्या केशरआत्या रागावतील), तेव्हा खरी हकीकत माझ्या हातची तुमच्यापाशी असलेली बरी. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, काठी टेकत गोठ्यापर्यंत जाता, हे ऐकून समाधान वाटलं. उगाच घाई करू नका, म्हशी काही पळून जात नाहीत. सूनबाई आणि नातू खुशाल ना? कॅनॉलला आवर्तन सुटलं का? हे सगळं मोबाईलवर विचारता आलं असतं, पण आपल्या फॅमिली ग्रुपचा अ‍ॅडमिन कल्याण आहे, आणि फोन करावा तर तुमची बहीण सुरेखा आतल्या खोलीतून ऐकत असते आणि माझ्या वाक्यांत दुरुस्त्या सुचवते. पोस्टाचं पाकीट अजून तरी कोणाला फॉरवर्ड करता येत नाही.

आता कल्याणचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो, की हे पत्र त्याच्या तक्रारीचं नाही. तुमच्या धाकट्या बहिणीचा, पंकजाचा तो नवरा, म्हणजे तुमचा धाकटा मेहुणा आणि माझा एकुलता एक साडू. त्याचा मी कशाला हेवा करू? मागच्या धोंड्याच्या महिन्यात तुमच्याकडे जेवायला बसलो होतो तेव्हा माझ्या वाणात तेहेतीस अनारसे आणि त्याच्या वाणात पस्तीस होते, तेव्हा मी अवाक्षर काढलं का? (मोजले नव्हते. नजर गेली.) माझं तोंड बंदच असतं. या वर्षी तर ते दोन अंक बंद होतं, आणि तेच सांगायचं आहे.

आमचं 'आडपडदा नाट्य मंडळ' तुम्हाला ठाऊक आहे. बावीस वर्षांपूर्वी ते काढलं त्या पाच जणांत मी एक. बावीस वर्षांत मी शिपाई झालो, वकील झालो, सासरा तर तीनदा झालो, आणि एकदा आजारी माणसाची नाडी पाहून मान हलवून परत जाणारा डॉक्टरही झालो (मान हलवली तेव्हा प्रेक्षकांतली एक बाई रडली होती. सुरेखाला विचारा. किंवा नका विचारू). यंदा आमोस सरांनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांनी, स्वतः नाटक लिहिलं. नाव 'शोकाकुल समस्त ग्रामस्थ'. नाटक विनोदी, पण हसता हसता पोटात गोळा यावा असं. गावातले एक गुरुजी वारतात. प्रेत ओट्यावर ठेवलेलं आहे आणि गावचे चार पुढारी भांडताहेत, की श्रद्धांजलीचं भाषण आधी कोणी करायचं आणि फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा घ्यायचा. दोन अंक भांडण चालतं, प्रेत उचललं जातच नाही. शेवटी सगळ्यांत मोठे पुढारी नानासाहेब भाषणाला उभे राहतात, आणि भाषण संपता संपता लक्षात येतं, की गुरुजींचं पहिलं नाव इथं कोणालाच माहीत नाही. वाचन झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि मनात एकच आलं, हा नानासाहेब माझा.

माझाच होता तो, आबासाहेब. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, पंचक्रोशीतल्या निदान दोनशे दहाव्यांना श्रद्धांजलीची भाषणं केली. 'त्यांच्या जाण्याने न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे' हे वाक्य मी म्हणावं आणि बायकांनी पदर डोळ्याला लावावा, असा शिरस्ताच होता. तालमीच्या पहिल्या दिवशी मी नवीन सदरा घालून गेलो. नेमका त्या वेळी कल्याण तिथे आलेला. त्याचं 'कल्याण डिजिटल' हे फ्लेक्सचं दुकान, आणि तो मंडळाला नाटकाचा फ्लेक्स फुकट छापून देणार होता, म्हणून मजकूर न्यायला आला होता, बस्स! मला मोटरसायकल लावायला पाच मिनिटं उशीर झाला, तेवढ्यात आमोस सरांनी त्याच्या हातात वही देऊन सहज म्हटलं, वाचा जरा नानासाहेब. त्यानं वाचलं. लोक हसले. मी आत आलो तेव्हा लोक हसतच होते.

त्याला ण म्हणता येत नाही हो! पानी, लोनी, आनि, कारन. 'जान्यानं न भरून निघनारी पोकळी निर्मान झाली' असं तो म्हणाला, आणि आमोस सर टाळी वाजवून म्हणाले, अस्सल! हाच माझा पुढारी! मी तिथेच नम्रपणे लक्षात आणून दिलं, की न नळाचा आणि ण बाणाचा, हे आमची पहिलीची पोरं सुद्धा ओळखतात. तर सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, वैजनाथराव, तुमच्यासाठी मी वेगळा विचार केलाय, नाटकात पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत रंगमंचावर असणारं पात्र एकच आहे, सगळे त्याच्याचविषयी बोलतात, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर, त्याला एकदाही आत जावं लागत नाही. मी हुरळलो. घरी येऊन सुरेखाला सांगितलं, मुख्य भूमिका मिळाली. तिनं विचारलं, वाक्यं किती? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दोन महिने, आबासाहेब, दोन महिने मी समाजमंदिराच्या बाकावर नाकात कापूस घालून पडून होतो. प्रेताला डास मारता येत नाही. प्रेताला खोकता येत नाही. आणि वर माझ्या डोक्याशी उभा राहून माझं भाषण कल्याण म्हणतोय! त्याचं प्रत्येक वाक्य मला पाठ झालं, त्याच्याआधी झालं. तो 'निर्मान' म्हणाला की माझ्या पायाचा अंगठा आपोआप हलायचा आणि सर ओरडायचे, प्रेत हललं! खरं सांगतो, जळत होतो मी. चितेआधीच जळत होतो. (हे वाक्य मी सरांना नाटकात घालायला सुचवलं होतं. घेतलं नाही.)

आता फ्लेक्सचं. नाटकाची जाहिरात श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससारखी करायची, ही कल्पना कल्याणची. वर मोठ्या अक्षरात 'शोकाकुल समस्त ग्रामस्थ', मध्ये हार घातलेला माझा फोटो, खाली नानासाहेबांच्या वेषात कल्याण, आणि तळाला दोन फुटांच्या पट्टीत 'दोन अंकी विनोदी नाटक', तारीख, वेळ, मंडळाचं नाव. कल्पना वाईट नव्हती, मी तसं म्हणालोही (मनात). पण फोटोंची मापं बघा! मी मेलेला माणूस, माझा फोटो पासपोर्टला लावावा तसा. हा कंबरेपासून वर, गॉगल लावून, कानाला मोबाईल धरून. मेलो मी, आणि फोन त्याला आलाय! मी विचारलं तर म्हणाला, भाऊ, सगळ्याच फ्लेक्सवर असंच असतं, मयताचा फोटो वर्गणीदारांपेक्षा बारीकच असतो, पाहिजे तर चौकात जाऊन बघा. गेलो बघायला. खरोखरच तसं असतं.

फ्लेक्स होता बारा फुटी, आणि पुणे रस्त्यावरची लोखंडी फ्रेम निघाली दहा फुटी. त्याच्या दुकानातला कारागीर काय करणार? त्यानं खालचे दोन फूट मागं दुमडले आणि घट्ट बांधून टाकले. म्हणजे 'विनोदी नाटक' गेलं मागं, आणि पुढं राहिलो हार घातलेला मी आणि शोकाकुल ग्रामस्थ. तुमच्या कोल्हारच्या कोणीतरी ते एसटीच्या खिडकीतून वाचलं, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे, टेम्पो तुम्हीच पाठवलात. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून वहिनींनी घाईघाईनं पिठलं-भाकरीचा डबा दिला, त्याबद्दल त्यांचे आभार. पिठलं उत्तम होतं असं ऐकतो.

टेम्पो दारात आला त्या वेळी मी न्हाणीघरात दाढी करत होतो. फाटकातून केशरआत्यांचा सूर आला, "आरं माझ्या गुनाच्या जावया, कुटं गेलास रं! कंदी कुनाला वाईट बोलला न्हाई रं!" आबासाहेब, लग्नाला चौतीस वर्षं झाली, सासरच्या माणसांकडून माझे गुण मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी दार उघडलं नाही. म्हटलं, होऊ द्या पूर्ण. माझं अक्षर चांगलं, मी बायकोला घरकामात मदत करायचो (सुरेखा तेव्हा बाहेरच उभी होती, तिनं काय तोंड केलं असेल देव जाणे), मी भाकरी शिळी असली तरी खायचो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग त्याच सुरात आत्या म्हणाल्या, "आता कल्यानच्याच जिवावर गं माझी सुरी! त्यो हाय म्हनून बरं हाय!" मी दार उघडलं. तोंडाला साबणाचा फेस. आत्या किंचाळून तुळशीवृंदावनावर बसल्या. रागावल्या त्या माझ्यावरच, की एवढं रडवून घेतलं आणि माणूस तर उभा! नंतर मंडळी हसली, चहा झाला, आणि तो पिठल्याचा डबा निघाला. बातमी ऐकून दुकान टाकून कल्याण धावत आलेला, घामाघूम. मी आतून तोंड पुसून येईपर्यंत त्यानं चार भाकरी खाल्ल्या होत्या. माझ्या नावाचं पिठलं! मला डब्याच्या कडेचं मिळालं.

आता प्रयोग. स्पर्धेची पहिली फेरी नगरला, सभागृह भरलेलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नानासाहेबांचं भाषण. कल्याण माझ्या डोक्याशी येऊन उभा राहिला, खाली वाकून माझ्याकडं पाहिलं, 'गुरुजींच्या' एवढं म्हणाला आणि थांबला. एक सेकंद, पाच सेकंद, पंधरा. विसरला! खोटं कशाला बोलू, आबासाहेब, आधी मला आनंद झाला. नाकात कापूस असूनही मोकळा श्वास आला. पण सभागृहात टाचणी पडेल अशी शांतता पसरली. बावीस वर्षांचं मंडळ, परीक्षक समोर, आणि हा गप्प. शेवटी मी ओठ न हलवता हळूच म्हटलं, "जाण्याने न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे."

मला काय ठाऊक, माईक माझ्या उशाशी झेंडूच्या हारात लपवलाय! अख्ख्या सभागृहानं प्रेताचा आवाज ऐकला. असा हशा उसळला की छताचे पंखे हलले. कल्याण गडबडून म्हणाला, "जान्यानं न भरून निघनारी." एकतीस वर्षांची सवय, माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "निघणारी. ण. बाणाचा ण." लोक खुर्च्या बडवायला लागले. तिथून पुढं सबंध भाषण मी खालून सांगितलं आणि त्यानं वरून म्हटलं. आपल्याच मयताचं भाषण प्रेत सांगतंय, पुढारी चुकत चुकत म्हणतोय. शेवटी त्यानं विचारलं, "गुरुजींचं नाव काय?" तेव्हा मी गप्प राहिलो, कारण नाटकात ते कोणालाच माहीत नसतं. हशा एकदम थांबला. पडदा पडला तेव्हा लोक उभे होते.

निकाल ऐका. नाटक पहिलं, बावीस फेब्रुवारीला, रविवारी, पुण्यात अंतिम फेरी. दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस आमोस सरांना, 'प्रेताने स्वतःची श्रद्धांजली स्वतः सांगण्याच्या धाडसी कल्पनेबद्दल' (सर नमस्कार करत खाली मान घालून उभे, जणू रात्रंदिवस तीच कल्पना घोळवत होते). आणि अभिनयाचं रौप्यपदक, कल्याण! 'भाषणापूर्वीच्या बोलक्या शांततेबद्दल.' आबासाहेब, तो विसरला होता! विसरल्याचं पदक! ज्याला अक्षरन् अक्षर आठवत होतं त्याला काय? प्रमाणपत्र पडद्यामागून कुत्रं भुंकवणाऱ्याला मिळालं, पेटी वाजवणाऱ्याला मिळालं. माझं नाव यादीत 'इतर'मध्ये सुद्धा नाही. मी गेलो तर कुठं साधी पोकळीसुद्धा निर्माण होणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं. घरी आलो आणि जेवलो नाही. सुरेखानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग जेवा. मग जेवलो.

असो. माझ्या मनात कोणाविषयी काही नाही. वहिनींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, बाळाचा गालगुच्चा घ्या. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

आपला, अद्याप हयात,
वैजनाथ

ता. क. – बाळाचं बारसं अजून ठरायचं आहे असं सुरेखा म्हणत होती. सहज सुचलं म्हणून लिहितो, बावीस फेब्रुवारी, रविवार, हा दिवस मला फार चांगला वाटतो. सगळ्यांना सुट्टी असते. आणि कल्याणला मात्र तुम्ही स्वतः फोन करून बजावा, की तू आल्याशिवाय पाळणा हलायचा नाही. तो भोळा आहे, तुमचा शब्द मोडणार नाही. मला बोलावलं नाहीत तरी मी वाईट वाटून घेणार नाही, मला त्या दिवशी पुण्यात थोडं काम आहे. नानासाहेबाचं भाषण मला पाठ आहे, ण सकट. ऐन वेळी माणूस लागला तर आमोस सर कुठं जातील? एवढं एकदा माझ्यासाठी करा. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाला, गॅस असेल तर फाडा.

ता. क. दुसरा – पाकिटाला डिंक लावतच होतो तेवढ्यात कल्याण आला. पदक खिशात. सुरेखाला चहा टाकायला सांगितला आणि माझ्यासमोर दिवाणावर बसून म्हणाला, "भाऊ, मला भाषन पाठ हुतं. इसरलो न्हवतो मी." मी म्हटलं, मग अर्धं मिनिट काय झोपला होतास? तर म्हणाला, "खाली बघितलं. तुमच्या नाकात कापूस. त्या दिवशी तुमी गेल्याचं ऐकून दुकानातनं पळत आल्तो ना, तवा पन असंच खरं वाटलं हुतं, पार घराच्या फाटकापर्यंत. मी म्हनलं, आपल्याला दुसरा साडू न्हाई." आणि चहाच्या कपात बघत बसला. मग माझा हात धरून म्हणाला, फायनलला तुम्हीच उभे राहा, मी झोपतो, पदक तुमच्याच आवाजाचं हाय.

मला तरी दुसरं काय हवं होतं? मी लगेच उठलो. तो दिवाणावर आडवा झाला, सुरेखानं (हसत) त्याच्यावर चादर टाकली, नाकात कापूसही घातला. मी डोक्याशी उभा राहिलो, घसा साफ केला, खाली पाहिलं आणि म्हटलं, "गुरुजींच्या जाण्याने न भरून निघणारी." पुढं शब्दच फुटेना. दोनशे दहाव्यांना म्हटलेलं वाक्य! हा गाढव डोळे मिटून पडलेला, इतका गप्प मी त्याला कधी पाहिला नव्हता. मग चादरीतून हळूच आवाज आला, "पोकळी, भाऊ. पोकळी."

त्या शब्दात ण नाही. अगदी शुद्ध म्हणाला.

तेव्हा बारसं एकवीसला, शनिवारी घ्या. आम्ही दोघंही येतो. बावीसला तो उभा राहील आणि मी आडवा. तुम्ही गुडघा सांभाळून पुण्याला या आणि येताना वहिनींना पिठलं करायला सांगा, या वेळी डबे दोन. पहिला ता. क. वाचला नाही असं समजा.

पदक तो इथंच दिवाणावर विसरून गेलाय. खरोखरच विसरला असेल असं मी धरून चालतो. दोन-चार दिवस तरी आठवण करून देणार नाही.